करपलेला भात आणि ठिपका

भात करपला, तर खेळ लावायचा. भात मोकळा आणि नेमका शिजला, तर खेळ परत पाठवायचा. पिसाळ टुरिंग टॉकीजमध्ये पस्तीस वर्षं हा एकच नियम होता, आणि तो कुठेही लिहून ठेवलेला नव्हता.

नियम बापू पिसाळांचा. नवा सिनेमा हातात आला की ते भर दुपारी तंबूच्या कनाती सोडून अंधार करायचे आणि स्वयंपाकीण गोदामावशीला हाक मारायचे, "मावशी, भात टाकलाय नव्हं? मग घटकाभर बसा की." चूल तंबूच्या दारापासून दहा पावलांवर. मावशी पदराला हात पुसत यायची आणि बसायची. पडद्यावर काहीही चालू असो, भाताची वेळ झाली की ती उठायची. ती वेळेवर उठली, तर बापू ओळखायचे की हा सिनेमा माणसाला जागेवर धरून ठेवणार नाही. आणि ज्या दिवशी तंबूभर करपट वास सुटायचा, त्या दिवशी बापू मिशीत हसायचे आणि तोच सिनेमा वर्षभर गावोगाव फिरवायचे. त्यांचा अंदाज सहसा चुकला नाही. मावशीला मात्र यातलं त्यांनी काही सांगितलं नव्हतं. आपली परीक्षा चालली आहे हे कळलं की माणूस वेगळं वागतो, हे त्यांना कोणत्या पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं.

बापू गेल्या वर्षी गेले. आता तंबू त्यांच्या मुलीकडे, वैजयंताकडे होता. धाकटा भाऊ धैर्यशील ट्रक चालवायचा आणि पडद्याचं यंत्र सांभाळायचा. गोदामावशी सत्तरीची झाली होती, पण चूल तिचीच होती. फक्त तिला भात टाकून सिनेमाला बसवायची पद्धत चार वर्षांपूर्वीच बंद पडली होती. तिची जागा छायेने घेतली होती.

छाया म्हणजे काय, हे २०४३ साली कुणाला सांगावं लागत नव्हतं. पण आपण नीट समजून घेऊ. त्या काळी बहुतेकांच्या मनगटावर एक पातळ पट्टी असे. माणूस काही बघत असला की पट्टी त्याची नाडी मोजायची, तळव्याला किती घाम सुटतो ते मोजायची. समोरचा पडदा त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या किती मोठ्या होतात ते टिपायचा. असं चार-पाच वर्षं टिपलं की त्या माणसाला कशाने हसू येतं, कशाने कंटाळा येतो, याचा पुरा हिशेब यंत्राकडे जमायचा. त्या हिशेबातून यंत्र त्या माणसाची एक प्रतिकृती तयार करायचं. तीच त्याची छाया. मग कुठलीही नवी मालिका आली की माणसाच्या आधी छाया ती बघायची. बारा भाग ती चार सेकंदांत संपवायची आणि शंभरपैकी आकडा सांगायची. त्या आकड्याला लोक 'गोडी' म्हणत. गोडी ऐंशी आली तर बघायचं, चाळीस आली तर सोडून द्यायचं. कुणाचा वेळ वाया जात नव्हता.

पण यातून एक वेगळीच गोष्ट घडली. नवऱ्याची छाया एक सांगे, बायकोची दुसरं, पोरांची तिसरं. घरात चार माणसं असली तर चार पडदे लागू लागले. जेवतानासुद्धा ज्याचा त्याचा पडदा ज्याच्या त्याच्या ताटापुढे. आणि सहाशे माणसांनी जमिनीवर मांडी घालून एकच खेळ बघायचा, असा पिसाळांचा तंबू वर्षागणिक रिकामा पडत गेला.

खडकोळीच्या खडजाईची यात्रा पाच दिवसांची. ती पाच दिवसांवर आली असताना तंबू उभा राहिला, आणि त्याच दिवशी बहीण-भावाचं वाजलं.

"ही बघ यादी," धैर्यशील म्हणाला. "एकेचाळीस कार्यक्रम. यात्रा कमिटीने सगळ्या गावाच्या छाया एकत्र लावून दिल्यात. सगळ्यात वर 'शुक्रयात्री'चा सिनेमा, गोडी बावन्न. तोही गावाने घरी बघून झालाय. ताई, बावन्नवर तंबू भरत नसतो."

"मग?"

"मग काय! मंडपवाला तंबू घ्यायला तयार आहे. मला पुण्यात काम मिळतंय. ही यात्रा करू आणि थांबू. बापूंसाठी एवढी चार वर्षं ओढली ना आपण?"

वैजयंताने यादी हातात घेतली. ती यादी वाचत खाली खाली गेली. अगदी तळाला एक नाव होतं : 'ठिपका'. गोडी एकोणीस.

"हे काय आहे?"

"ते सोड. 'शुक्रयात्री'तून काढलेली दुसरी मालिका आहे, चित्रांची. त्यात ते हाताएवढं दुरुस्तीचं यंत्र नव्हतं का, सारखं दिवा मिचकावणारं? कॅप्टन ज्याला लाथ मारायचा आणि लोक हसायचे? त्याच्यावर अख्खी मालिका काढलीय. कॅप्टन नाही, लढाई नाही, कुणी एक शब्द बोलत नाही. कुठंच चालली नाही, म्हणून फुकट देतायत."

वैजयंताने मात्र त्या ओळीवर बोट ठेवून बारीक आकडे उघडले. 'शुक्रयात्री'ला पोरांची गोडी नव्वद होती, म्हाताऱ्यांची बारा. कीर्तनाच्या कार्यक्रमाचं नेमकं उलटं. प्रत्येक कार्यक्रमाचे आकडे असेच वरखाली उड्या मारत होते. 'ठिपका'चे मात्र सात वर्षांच्या पोरापासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत सगळ्यांचे सतरा ते एकवीसच्या मध्ये.

"धैर्या, असं कसं होईल? नावडायलासुद्धा प्रत्येकाची तऱ्हा वेगळी असते. कारलं घरात एकाला तरी आवडतं."

"नसेल आवडत एखादं कारलं कुणालाच."

"आमच्या शाळेत गणिताचे सर होते. सगळ्या वर्गाला शून्य मिळालं तर ते पोरांना मारायचे नाहीत, आधी स्वतःचा पेपर तपासायचे." तिने यादी मिटली. "मला हे बघायचंय. आणि आधी मावशीला दाखवायचंय."

धैर्यशीलने कपाळाला हात लावला. "भात?"

"भात."

त्याने बहिणीकडे वळून पाहिलं. मग म्हणाला, "ठीक आहे. पण एक बोली करू. यात्रेच्या पाच संध्याकाळींत एक दिवस, एकच दिवस तंबू भरला, तर मी पुण्याला जात नाही. नाही भरला, तर मंडपवाल्याला हो म्हणायचं आणि तू रडायचं नाहीस."

"कबूल," वैजयंता म्हणाली.

गोदामावशीच्या मनगटाला कधी पट्टी नव्हती. सारखं पीठ मळायचं, भांडी घासायची, पट्टी टिकणार कशी? त्यामुळे साऱ्या मुक्कामात छाया नसलेलं माणूस ती एकटीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी कनाती सुटल्या, भात चुलीवर चढला आणि पडद्यावर पहिले दोन भाग लागले. शुक्राच्या ढगांत तरंगणारं एक स्थानक. यात खोटं काही नाही. शुक्राच्या जमिनीवर शिसं वितळेल इतकी आग आहे. पण पन्नास-पंचावन्न किलोमीटर वर, ढगांत, हवेची ऊब आपल्या उन्हाळ्याएवढीच असते आणि दाबही पृथ्वीसारखाच. मोठा फुगा तिथे सुखाने तरंगू शकतो. अशा एका फुग्याखाली लटकलेल्या स्थानकावर अंतराळयानाची माणसं ठिपक्याला विसरून निघून जातात. तो एकटा राहतो. दिवा दोनदा मिचकावतो. थांबतो. पुन्हा दोनदा मिचकावतो. समोर नुसते पिवळे ढग.

"वैजू, ह्यात काय हाय गं बघण्यासारखं?" मावशी म्हणाली आणि वेळेवर उठली. भात मोकळा झाला. एकेक शीत वेगळं.

जेवताना धैर्यशीलने भात दोनदा वाढून घेतला.

तिसऱ्या दिवशी तिसरा-चौथा भाग. दूरच्या ढगात दुसरं एक जुनं यंत्र सापडतं, हवामान मोजणारं. ठिपका दोनदा मिचकावतो. ते यंत्र एकदाच, लांब मिचकावतं. बस, एवढंच. मावशी वेळेवर उठली, भात उतरवला. पण या वेळी एक गोष्ट घडली, ती फक्त वैजयंताने पाहिली. मावशी परत आली आणि आपल्या जागेवर बसली. पस्तीस वर्षांत उठून गेलेली मावशी कधी परत आली नव्हती.

"भात चांगला झालाय आजही," धैर्यशील म्हणाला. "बापूंचा नियम, ताई."

वैजयंताने मान हलवली. नियम नियमच होता.

चौथ्या दिवशी सकाळी ती तंबूच्या खुंट्या ठोकत होती. चहा झाला होता. मावशी चुलीशी बसल्या बसल्या धैर्यशीलला हाक मारायची, तर ट्रकखाली पडून काम करणाऱ्या त्या पोराला ऐकू जायचं नाही. हे रोजचं होतं. आज मावशीने हाक मारली नाही. तिने पळी उचलली आणि पातेल्यावर तीन टोले दिले, झटपट. टण टण टण.

धैर्यशील ट्रकखालून सरपटत बाहेर आला, हात पुसत चुलीपाशी आला आणि चहाचा पेला उचलला.

वैजयंताच्या हातातला हातोडा थांबला. "धैर्या, तू का आलास?"

"का म्हणजे? मावशीने बोलावलं."

"काय म्हणाली मावशी?"

"'ये' म्हणाली की..." आणि तो पेला तोंडाशी धरून तसाच उभा राहिला. चौथ्या भागाच्या शेवटी ते जुनं यंत्र ठिपक्याला बोलावताना तीनदा मिचकावतं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पडद्यावर कुठे लिहून आलं नव्हतं. ज्या मालिकेची गोडी एकोणीस, तिने त्याला एक शब्द शिकवला होता आणि त्याला पत्ताही लागला नव्हता.

मावशी म्हणाली, "दोन म्हंजे 'हायस का?' एक लांब म्हंजे 'हाय.' तीन म्हंजे 'ये.' बरं हाय की, घसा फाडाय नको."

वैजयंता धावत तंबूत गेली आणि छायेचं माहितीपत्रक उघडून बसली. ते कुणीच वाचत नसे. एकोणचाळिसाव्या पानावर तिला हवं ते वाक्य मिळालं. छाया प्रत्येक भाग बघताना पहिल्यापासून, कोऱ्या पाटीने सुरुवात करते. कारणही दिलं होतं, आणि ते अगदी रास्त होतं. माणसाने स्वतः जे पाहिलेलं नाही, त्याने जर त्याची छाया बदलली, तर हळूहळू ती त्याची छायाच राहणार नाही, कुणी परकंच होऊन बसेल. म्हणून छायेला बघायची मुभा होती, शिकायची नव्हती.

"म्हणजे ती चौथा भाग बघते तेव्हा तिला तिसरा आठवत नाही!" वैजयंता भावाला म्हणाली. "पाचवीतली भूमिती पहिलीच्या पोराला दाखवायची आणि विचारायचं, 'गोड लागली का?' प्रत्येकाची छाया बाराही वेळा पहिलीतच बसलीय. म्हणून सगळ्यांचे आकडे सारखे. त्यांना नावडली नाही रे ती मालिका. त्यांना ती कळलीच नाही."

"आणि आपल्याला?"

"आपण शिकलो. दोन दिवसांत."

दुपारी पाचवा आणि सहावा भाग लागला. सहाव्या भागात ढगांत वादळ येतं आणि त्या जुन्या यंत्राचा दिवा ढगाआड जातो. ठिपका दोनदा मिचकावतो. उत्तर येत नाही. पुन्हा दोनदा. मावशी गुडघ्यांवर हात ठेवून पुढे वाकली होती. धैर्यशील यंत्राशेजारी उभा होता तो खाली बसला. वैजयंता पडद्याकडे बघत नव्हती. ती हवा हुंगत होती.

करपट वास आधी मंद आला, मग तंबूभर पसरला. कुणीही उठलं नाही.

खडकोळीच्या यात्रा कमिटीचे अध्यक्ष आनंदराव खरमाटे. गाव त्यांना अण्णा म्हणे. साखर कारखान्यात तीस वर्षं वजनकाट्यावर बसलेला माणूस. उसाची गाडी आली की काट्यावरचा आकडा वाचायचा आणि लिहायचा. उसाच्या मालकाने कितीही गयावया केली तरी आकडा तोच.

"एकोणीस?" अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला. "पोरी, तुझ्या बापाला मी ओळखत होतो, म्हणून रागावत नाही. आकडा म्हणजे आकडा. देवीच्या यात्रेत एकोणीस गोडीचा खेळ लावू?"

"अण्णा, पाच संध्याकाळी द्या. रोज थोडे थोडे भाग दाखवते. उठून जाणाऱ्याला कुणी अडवायचं नाही. तंबूचं भाडं मागत नाही, तिकीट लावत नाही."

"आणि पहिल्याच दिवशी तंबू रिकामा झाला तर?"

"तर दुसऱ्या दिवशी तुमच्या कुस्त्या पडद्यावर दाखवीन."

"रिकामा म्हणजे किती?"

"वीसच्या आत."

अण्णांना आकड्यातली बोली आवडली. ते हो म्हणाले.

पहिल्या संध्याकाळी फुकट आहे म्हणून दोनशे माणसं आली. दहाव्या मिनिटाला अण्णा उठले, मनगटाकडे बोट दाखवून वैजयंताला म्हणाले, "छाया खोटं बोलत नसते, बाळ," आणि गेले. त्यांच्यामागे रांग लागली. कनातीचा पडदा सारखा हलत राहिला. वैजयंताला राहवलं नाही. तिने ध्वनिक्षेपक हातात घेतला. निदान दोन मिचकावण्यांचा अर्थ सांगून टाकावा, म्हणजे लोक थांबतील.

गोदामावशीने तिच्या हातातून तो काढून घेतला.

"सांगू नगंस."

"मावशी, जातायत सगळे!"

"जाऊ देत. मला कुणी सांगितलं असतं, तर मी पळी वाजवली असती व्हय? त्यांचं त्यांना घावू दे."

खेळ संपला तेव्हा धैर्यशीलने मुंडकी मोजली. एकतीस. सव्वीस पोरं, चार बायका आणि कोपऱ्यात झोपी गेलेला एक पाळणेवाला.

"वीसच्या वर आहेत," तो म्हणाला. आवाजात कुचेष्टा नव्हती.

दुसऱ्या संध्याकाळी सत्तर आले, आणि त्यातले साठ बसून राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी यात्रेत एक नवल दिसू लागलं. यात्रेत पिपाण्या विकायला येतातच. रंगीत कागदाच्या, पत्र्याच्या, कान किटवणाऱ्या. दरवर्षी पोरं त्या नुसत्या फुंकत सुटतात. या वर्षी पिपाण्या वेगळ्याच वाजत होत्या. पाळण्याच्या वरच्या टोकावरून दोन छोटे सूर यायचे, पीप पीप, आणि खाली भेळेच्या गाडीपाशी कुणीतरी एक लांब सूर काढायचं. गर्दीत आईला पोर दिसेना झालं की ती शेजारच्या पोराची पिपाणी घेऊन तीनदा फुंकायची आणि पोर हजर व्हायचं. ज्यांनी खेळ पाहिला नव्हता, ते विचारायचे, "काय रे हे?" पोरं नुसतीच हसायची. आपल्याला कळतं आणि मोठ्यांना कळत नाही, यासारखं सुख पोरांना दुसरं नसतं.

त्याच दिवशी दुपारी अण्णा तंबूशी आले. इकडे तिकडे बघितलं, जनरेटरची चौकशी केली, खुंट्या पक्क्या आहेत का विचारलं. मग हळूच म्हणाले, "वैजयंता, आमची नात आर्वी तुझ्या खेळाला येते."

"येते की. पहिल्या रांगेत बसते."

"घरी जेवताना ती तिचं बघते, मी माझं बघतो. वर्ष दोन वर्षं असंच चाललंय. पोरगी बोलत नाही फारशी. काल जेवताना तिने चमच्याने वाटीवर दोन टोले दिले आणि माझ्याकडे बघत बसली. मी म्हटलं, काय गं, आमटी पाहिजे? तिने मान हलवली. परत दोन टोले." अण्णांनी चष्मा काढून पुसला. "त्या दोन टोल्यांना काय म्हणायचं असतं?"

वैजयंताच्या अगदी ओठावर उत्तर आलं होतं. तिने चुलीकडे पाहिलं. मावशी पाठ करून कांदा चिरत होती, पण तिची सुरी थांबली होती.

"सांगणार नाही, अण्णा," वैजयंता म्हणाली. "संध्याकाळी तंबूत या."

"अगं, माझी गोडी सतरा आहे!"

"ती तुमच्या छायेची. तुमची कुठंय अजून?"

अण्णा चष्मा घालून निघून गेले. संध्याकाळी तंबूत अडीचशे माणसं होती. ज्यांचे आधीचे भाग चुकले होते, त्यांच्या कानाशी लागून पोरं काही सांगत नव्हती. नुसती जमिनीवर बोटांनी टकटक करून दाखवत होती, आणि बघणाऱ्याला दहा मिनिटांत उमगत होतं. अण्णा दिसले नाहीत. कनातीच्या बाहेर मात्र कुणीतरी बराच वेळ उभं होतं. जनरेटर तपासायला आलं असावं.

चौथ्या संध्याकाळी बाहेरची सावली पुन्हा आली, आणि या वेळी शेवटपर्यंत हलली नाही. आत साडेचारशे होते.

पाचव्या संध्याकाळी देवीची आरती आटोपली आणि गाव तंबूकडे निघालं. सहाशेची जागा सातलाच भरली. धैर्यशीलने दोन्ही बाजूंच्या कनाती वर बांधल्या. लोक बाहेर सतरंज्या टाकून बसले, ट्रॉल्यांवर बसले, पाळणेवाल्याने पाळणा थांबवला आणि वरच्या पाळण्यातली माणसं तिथूनच बघत राहिली. सासू, सून, नवरा, पोरं, सगळे एका ओळीत एका पडद्यासमोर. असं दृश्य खडकोळीने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

शेवटचा भाग. ठिपक्याच्या स्थानकाचा फुगा विरत चाललाय. जुनं यंत्र वादळात हरवलंय. ठिपक्याच्या दिव्यात आता थोडीच ताकद उरलीय. त्याने मिचकावलं, की तेवढी कमी होणार. तो खूप वेळ विचार करतो. मग दोनदा मिचकावतो.

आहेस का?

पडदा काळा. आवाज नाही. सातआठशे माणसांचा श्वास ऐकू यावा अशी शांतता.

पुन्हा दोनदा, या वेळी दिवा अंधूक.

आणि तेव्हा तंबूच्या मागून, सगळ्यांच्या डोक्यांवरून, बॅटरीचा एक झोत पडद्यावर पडला. एक. लांब. पडद्याच्या मधोमध तो तसाच थांबून राहिला.

आहे.

सगळ्या माना मागे वळल्या. आनंदराव खरमाटे कनातीच्या खांबाला धरून उभे होते. बॅटरी त्यांच्याच हातात होती. पहिल्या रांगेतून आर्वीने पिपाणी तोंडाला लावली आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास एका लांब सुरात सोडला. मग दुसरी पिपाणी. मग शंभर. मग बॅटऱ्या, शिट्ट्या, टाळ्या. ट्रॉलीवरच्या एकाने ट्रॅक्टरचा भोंगाच दाबून धरला. सगळ्यांचा एकच सूर, एकच शब्द. त्या गजरात पडद्यावर दूर, ढगांच्या पार, एक दिवा लागला, लांब, आणि गाव उभं राहून ओरडलं.

वैजयंता यंत्रापाशी उभी होती. तिला पडदा नीट दिसत नव्हता, कारण डोळे भरले होते. शेजारी धैर्यशीलने नाक ओढलं.

"रडायचं नाही अशी बोली होती," तो म्हणाला.

"ती तंबू रिकामा राहिला तर."

"हां. ते बरोबर." त्याने मनगट पुढे केलं. "बघ. आताच लावून बघितलं. तीच मालिका, माझी छाया. एकोणीस होती माझीपण."

पट्टीवर आकडा होता : एक्क्याण्णव. छाया बदलली होती, कारण माणूस आधी बदलला होता.

माणसं पांगली, तेव्हा अण्णा नातीचा हात धरून चुलीशी आले. आर्वी बोलत होती, थांबायचं नाव नव्हतं. शुक्रावर शिसं वितळतं हे आजोबांना ठाऊक नव्हतं, याचं तिला फार हसू येत होतं. "मावशी, उरलंय का काही?" अण्णांनी विचारलं. "घरी चूल पेटलीच नाही आज. सगळे इथंच होते."

मावशीने झाकण काढलं. करपट वासाची वाफ वर आली. भाताचा खालचा थर काळा झाला होता.

"काय मावशी हे," धैर्यशील हसत म्हणाला, "पुढच्या गावालाही हाच खेळ न्यायचा म्हणा की! मंडपवाल्याला मी कळवलंय, तंबू रिकामा नाही म्हणून." मग जीभ चावून तो बहिणीकडे बघू लागला. भाताचं गुपित घरचं होतं.

मावशीने वरचा वरचा भात अण्णांच्या ताटात वाढला, आर्वीच्या भातावर दूध घातलं, आणि तळाच्या खरवडीचा मोठा तुकडा वैजयंताच्या हातावर ठेवला.

"तुमच्या बापूला वाटायचं, मला ठाऊक न्हाई," ती म्हणाली. "तिसऱ्या सिनेमालाच कळलं हुतं मला, की हा माणूस सिनेमा न्हाई, माझा भात बघतोय."

"मग कधी सांगितलं का नाहीस?" वैजयंताने विचारलं. "आणि कधी मुद्दाम करपवलास का, एखादा आवडला म्हणून?"

"लई डाव बघितलं करपवून," मावशी म्हणाली. "जमलं न्हाई. ध्यान जाग्यावर असलं, की हात आपसूक झाकणाकडं जातोया. खरं ध्यान हरपल्याबिगर भात करपत न्हाई, पोरी."

तिने पळी उचलली आणि रिकाम्या पातेल्यावर दोन टोले दिले. चुलीभोवती बसलेल्या सगळ्यांनी तोंडात घास असतानाच ताटावर एकेक टोला देऊन तो लांब घुमू दिला.